राजाश्रय सोडलेला गवई

मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण विष्णु दिगंबर पलुस्करांना आले. त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना मात्र नाही. हे शल्य जिव्हारी लागल्याचे सांगतात. १८९६ मध्ये राजाश्रय सोडून ते बाहेर पडले. दृष्टी बालपणीच दारूकामाने अधू झालेली! बडोदा, ग्वाल्हेरकडे दरबारी गायन झाले. पण काठेवाडात तिकीट लावून जाहीर मैफल करण्याचे धाडस निराळेच. गवयाचा आश्रयदाता आता सामान्य श्रोता होता. वाटेत जोडलेल्या रसिकांच्या बळावर ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. मुंबईतील वास्तू पुढे कर्जापायी गेली. छत्रपती संभाजीनगरचे विद्यार्थी आजही ‘गांधर्व’च्या परीक्षा देतात, ती त्यांच्याच शिष्यांनी वाढविलेली परंपरा. १९३१ मध्ये मिरजेतच पलुस्करांनी देह ठेवला.