तीन संस्थानांचे दिवाण राजा सर टी. माधवराव

तंजावरच्या मराठी घराण्यातील टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम येथे झाला. शिक्षण मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत झाले. तिशीच्या उंबरठ्यावर ते त्रावणकोरचे दिवाण झाले, तेव्हा संस्थान कर्जबाजारी होते. मिऱ्याची सरकारी मक्तेदारी रद्द करूनही त्यांनी काही वर्षांतच ते कर्ज फेडले. नाडार स्त्रियांच्या वस्त्राधिकाराबाबत मात्र दरबार १८५९ मध्ये मद्रासच्या गव्हर्नरच्या दबावानंतरच हलला. इंदूरनंतर, १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत होताच, बडोद्याची विस्कटलेली घडी बसवण्याचे काम त्यांच्याकडे आले. सयाजीराव तेव्हा अल्पवयीन होते. पुढे १८८७ च्या मद्रास काँग्रेस अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष झाले. १८९१ मध्ये मद्रासमध्येच त्यांचे निधन झाले. तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे.