न दिसणाऱ्या जखमांचा वैद्य : डॉ. विल्यम रिव्हर्स

पुण्याचे ससून रुग्णालय आणि मुंबईचे ससून डॉक ज्या घराण्याचे नाव सांगतात, त्या घराण्यातील डेव्हिड ससून यांचा पणतू पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात अधिकारी होता. त्याचे नाव सिगफ्रिड ससून. शौर्यासाठी मिलिटरी क्रॉस मिळवलेल्या या तरुण कवीने १९१७ च्या उन्हाळ्यात युद्ध मुद्दाम लांबवले जात असल्याचा आरोप करणारे निवेदन काढले आणि आघाडीवर परतण्यास नकार दिला. कोर्ट मार्शल अटळ दिसत होते. मात्र त्यांचे मित्र, कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांनी वैद्यकीय मंडळापुढे त्यांची बाजू मांडली आणि मंडळाने हा गुन्हा नसून आजार असल्याचा निर्वाळा दिला. ससून यांची रवानगी एडिंबरो येथील क्रेगलॉकहार्ट या लष्करी रुग्णालयात झाली. तेथे ज्यांच्या हाती त्यांना सोपवण्यात आले, ते डॉक्टर म्हणजे विल्यम हाल्स रिव्हर्स.

रिव्हर्स यांचा जन्म १८६४ साली इंग्लंडमधील केंट परगण्यात झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते आणि तोतरेपणावर उपचारही करत. पण खुद्द रिव्हर्स यांची जीभ आयुष्यभर अडखळत राहिली. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर ते केंब्रिजमध्ये मानसशास्त्र शिकवू लागले. १८९८ मध्ये टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवर गेलेल्या संशोधन मोहिमेत ते सहभागी झाले आणि मानववंशशास्त्राकडे वळले. १९०१-०२ मध्ये त्यांनी निलगिरीच्या डोंगरांत तोडा जमातीचा अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्याचे जग त्याच्याच तोंडून समजून घेण्याची ही सवय पुढे रुग्णांच्या खाटेशेजारी त्यांच्या उपयोगी पडली.

युद्ध सुरू झाल्यावर आघाडीवरून विलक्षण रुग्ण परतू लागले. अंगावर ओरखडाही नाही, पण कोणाची वाचा गेलेली, कोणाचे पाय लुळे पडलेले, कोणी रात्रभर किंचाळणारा. रिव्हर्स यांचेच शिष्य चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. अनेक सेनाधिकाऱ्यांच्या लेखी मात्र हा भेकडपणा किंवा निव्वळ सोंग होते. काही डॉक्टर विजेचे झटके देऊन वाचा परत आणत. रणांगणातून पळालेला सैनिक गुन्हेगार की रुग्ण, या प्रश्नाच्या उत्तरावर त्याचे प्राण अवलंबून असत.

लिव्हरपूलजवळच्या मॅगल रुग्णालयात काम केल्यानंतर १९१६ मध्ये रिव्हर्स क्रेगलॉकहार्टला आले. झाले-गेले विसरून जा, असा सल्ला तेव्हा या रुग्णांना सर्रास दिला जाई. रिव्हर्स यांना नेमके उलट आढळले. दिवसा निग्रहाने दूर लोटलेली आठवण रात्री स्वप्नात दुप्पट भेसूर होऊन येत होती. म्हणून ते रुग्णाला बोलते करत. एका अधिकाऱ्याला त्याच्या मित्राचा छिन्नविच्छिन्न देह सापडला होता आणि तेच दृश्य स्वप्नात त्याचा पाठलाग करत होते. देहाची ती अवस्था म्हणजेच मृत्यू क्षणार्धात आला, मित्राला वेदना झाल्या नाहीत, याचा पुरावा आहे, हे रिव्हर्स यांनी त्याच्या लक्षात आणून दिले. त्यानंतरच्या स्वप्नात तो मित्राजवळ बसला आणि त्याच्याशी बोलला. जाग आली तेव्हा दुःख होते, दहशत नव्हती.

प्रत्येक वेळी असा दिलासा सापडत नसे. स्फोटाने उडालेला एक अधिकारी कुजलेल्या प्रेतावर तोंडघशी पडला होता. त्या अनुभवात सोसण्याजोगे काहीच उरले नव्हते. अखेर त्याला सैन्यसेवेतून मोकळे करावे लागले. डिसेंबर १९१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे वाचलेल्या निबंधात रिव्हर्स यांनी यशाबरोबर हे अपयशही मांडले.

ससून यांच्या बाबतीत पेच निराळाच होता. तपासणीत रिव्हर्स यांना त्यांच्यात मज्जाविकाराचे कोणतेही लक्षण आढळले नाही. ते आपली भूमिका पूर्ण शुद्धीत, तर्कशुद्धपणे मांडत होते. तरीही त्यांना लढण्यास राजी करणे हे लष्करी डॉक्टर म्हणून रिव्हर्स यांचे काम होते. दोघांत गाढ स्नेह जडला. रुग्णाचे मत बदलता बदलता आपलेच मत बदलले तर, ही शंका रिव्हर्स यांना छळू लागली. स्वतःच्या एका स्वप्नाचे विश्लेषण करताना त्यांनी ती प्रामाणिकपणे नोंदवली. नोव्हेंबर १९१७ मध्ये ससून स्वेच्छेने कर्तव्यावर रुजू झाले. पुढच्या जुलैत त्यांच्या डोक्याला गोळी लागली. ते थोडक्यात बचावले. याच रुग्णालयात उपचार घेतलेले कवी विल्फ्रेड ओवेन मात्र युद्ध संपण्याच्या आठवडाभर आधी मारले गेले. बरे करायचे ते पुन्हा मृत्यूच्या तोंडी देण्यासाठी, हे त्या उपचारांमागचे कठोर सत्य होते.

युद्धानंतर संकोची रिव्हर्स मोकळे झाले, राजकारणाकडेही वळले. १९२२ च्या निवडणुकीसाठी मजूर पक्षाने त्यांना उमेदवारी दिली होती; पण त्याच वर्षी ४ जून रोजी आतड्याच्या आकस्मिक विकाराने केंब्रिजमध्ये त्यांचे निधन झाले.

आघातानंतरच्या मानसिक विकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानसूचीत स्वतंत्र स्थान मिळायला १९८० साल उजाडले. पलायन, भेकडपणा अशा आरोपांखाली पहिल्या महायुद्धात गोळ्या घातल्या गेलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ मध्ये मरणोत्तर माफी दिली. त्यांतील बहुतेक साधे शिपाई होते. क्रेगलॉकहार्ट हे अधिकाऱ्यांचे रुग्णालय होते. त्याची दारे त्यांच्यासाठी कधीच उघडी नव्हती.