कै. डॉ. आनंदीबाई जोशी : परदेशातील विद्यार्थिदशा

थोरांच्या चरित्रांचे स्मरण करण्याचा स्मरणिकांचा प्रघात आहे. त्यास अनुसरून यंदा आम्ही कै. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. त्यांचे नाव ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. तथापि अमेरिकेत जाऊन त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली, एवढ्यावरच बहुधा आपले ज्ञान संपते. ती मिळविताना तीन वर्षे त्या काय जेवल्या, कोठे निजल्या, थंडीत काय ल्याल्या, याची विचारपूस आपण करीत नाही. आज विश्रामबागेतील अनेक घरांतून मुलेमुली शिक्षणासाठी समुद्रापार जात असता ही विचारपूस करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. घराणे कल्याणच्या जोशांचे. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपालखात्यातील कारकून श्री. गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर असून वयाने पुष्कळच मोठे होते. पत्नीला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास. आणि त्या ध्यासापायी ते तिच्यावर हात टाकण्यासही कचरत नसत. आनंदीबाई अवघ्या चौदा वर्षांच्या असता त्यांना पुत्र झाला, परंतु तो दहा दिवसांतच गेला. योग्य वैद्यकीय साहाय्य मिळते तर तो वाचता, ही खंत त्यांच्या मनात घर करून राहिली आणि तिच्यातूनच डॉक्टर होण्याचा निश्चय उपजला.

या कथेचा धागा आपल्याच मुलखाशी निगडित आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. १८७८ साली गोपाळराव कोल्हापुरास नोकरीत असताना त्यांनी तेथील अमेरिकन मिशनऱ्यांच्या ओळखीने पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेस पत्र धाडले. धर्मांतराखेरीज साहाय्य नाही, असा त्याचा अर्थ निघाला व प्रकरण मिटले. परंतु ते पत्र एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले होते. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या श्रीमती थिओडोसिया कार्पेंटर दंतवैद्याकडे बसल्या असता १८८० साली ते त्यांच्या दृष्टीस पडले. त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले आणि या दोन स्त्रियांमध्ये, एकमेकींचे तोंडही पाहिले नसता, मावशी-भाचीचे नाते जडले.

पुढे गोपाळरावांची बदली बंगाल्यात झाली. आनंदीबाई परदेशी जाणार ही वार्ता पसरताच चोहोकडून टीकेचा भडिमार झाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयात त्यांनी जाहीर भाषण केले. या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, हे सांगून, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ असे त्यांनी निक्षून सांगितले. हे वचन बोलण्यास सोपे होते. ते पाळण्याची किंमत परक्या मुलखात रोजच्या रोज मोजावी लागणार होती.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्त्याचा किनारा सोडला. गोपाळराव बरोबर नव्हते. ४ जून रोजी जहाज न्यूयॉर्कला लागले, तेव्हा बंदरावर कार्पेंटरबाई उभ्या होत्या. तो उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेलच्या घरी काढला. तेथे त्यांना घरच्या लेकीसारखे वागविण्यात आले. त्यांनीही एकदा आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून, पाहुण्या स्त्रियांस लुगडी नेसवून, हाताने जेवू घातले. परदेशातील त्यांच्या साऱ्या दिवसांत हे दिवस सुखाचे.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत फिलाडेल्फिया येथील पेन्सिल्व्हेनिया महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचा प्रवेश झाला. ही संस्था १८५० साली स्थापन झालेली. तिच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली रसायनशास्त्राच्या अध्यापिका होत्या. त्यांनी आनंदीबाईंना तीन वर्षांसाठी ६०० डॉलरांचे साहाय्य देवविले. शरीररचना, रसायन, औषधिगुण, प्रसूती असे विषय, जोडीला शवविच्छेदन आणि रुग्णालयातील काम. भाषा सर्वस्वी इंग्रजी. या अभ्यासाला त्या कधी भ्याल्या नाहीत. त्यांची कसोटी लागली ती वर्गाबाहेर.

पहिली कसोटी निवाऱ्याची. त्यांच्या वाट्यास आलेल्या खोलीतील शेकोटी नीट पेटत नसे. पेटवावी तर खोली धुराने भरून जाई, न पेटवावी तर अंग गारठे. फिलाडेल्फियाचा हिवाळा म्हणजे बर्फाचा हिवाळा. धूर पत्करावा की थंडी, असा प्रश्न रोज रात्री उभा राहणाऱ्या त्या खोलीत अठरा वर्षांची ही मुलगी ग्रंथ पुढ्यात घेऊन बसे.

दुसरी कसोटी अन्नाची. मांसाहार वर्ज्य, डाळ, तांदूळ, मसाला यांची आपल्याकडची सोय तेथे कोठून असणार? जे शाकाहारी मिळे त्यावर भागवावयाचे, नाही तर स्वतः शिजवून खावयाचे, आणि शिजवावयास बसावे तर अभ्यासाचा वेळ जाई. थंड देशात शरीराला जो सकस आहार लागतो तो त्यांना पुरेसा मिळाला नाही. प्रकृती हळूहळू खचू लागली ती येथे.

तिसरी कसोटी वस्त्राची. काष्ट्याच्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तेथील थंडीत ते सोसवत नसे. विलायती झगा घालावा, तर वचनाला बाध आला असे इकडे लोक म्हणणार. तेव्हा गुजराती पद्धतीने गोल साडी नेसण्याचा मध्यममार्ग त्यांनी काढला. पाय झाकले गेले आणि वेषही स्वदेशी राहिला. इतक्या साध्या गोष्टीसाठीसुद्धा त्यांना स्वतःशी व घराशी वाद घालावा लागला, हे आजच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.

चौथी कसोटी पत्रांची. पत्र पोचण्यास महिन्याहून अधिक काळ लागे. टपालाकडे डोळे लावून बसावे आणि हाती यावे ते गोपाळरावांचे संशयाने व बोलांनी भरलेले पत्र! कधी ते अभिमानाने उचंबळून लिहीत, कधी जिव्हारी लागेल असे. आनंदीबाईंची उत्तरे मात्र वाचण्यासारखी आहेत. पतीविषयीची कृतज्ञता त्यांनी कोठेही सोडली नाही. परंतु लहानपणी झालेल्या माराची आठवणही त्यांनी शांतपणे आणि स्पष्टपणे करून दिली. ज्या पतीने शिकविले त्यालाच सत्य सांगण्याचे धैर्य त्या शिक्षणातून आले, हे आम्हांस या चरित्रातील सर्वांत उदात्त स्थळ वाटते.

प्राचीन आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा विषय घेऊन त्यांनी आपला प्रबंध लिहिला. ११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. वयाची एकवीस वर्षे पुरी होण्यास तेव्हा वीस दिवस उणे होते. समारंभास गोपाळराव हजर होते, आणि पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूर दरबाराने तेथील अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाचे काम त्यांना देऊ केले. जेथून पहिले पत्र गेले, तेथेच डॉक्टर म्हणून परतण्याचा योग जुळून आला होता.

तो सिद्धीस गेला नाही. त्या अमेरिकेतच क्षयाने ग्रासल्या होत्या. १८८६ च्या अखेरीस त्या स्वदेशी आल्या त्या अंथरुणाला खिळण्यासाठीच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. एकही रुग्ण तपासण्यास त्या कोल्हापुरास पोचल्या नाहीत. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत मावशीने भाचीला जागा दिली.

येथे ज्ञातिसंस्था म्हणून आम्हांस दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. आनंदीबाई परदेशी असता त्या काळच्या ज्ञातिसमाजाने मुख्यतः एकच चौकशी केली: बाटली की नाही? खोलीत ऊब आहे का, पोटाला मिळते का, हे विचारणारी माणसे परकी होती. तो काळच तसा होता, हे खरे. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १८९० साली, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल न्या. रानडे व लो. टिळक यांच्यासारख्यांवरही ग्रामण्य उभे राहिले. परंतु काळाला दोष देऊन ज्ञातीची सुटका होत नाही. ज्या वचनाच्या पालनासाठी त्या देहाने झिजल्या ते आपल्याच समाजाने त्यांच्यावर लादलेले होते.

त्यानंतर कृष्णेतून पुष्कळ पाणी वाहून गेले आहे. विश्रामबागेत १९१९ साली विलिंग्डन महाविद्यालय आले, १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि सांगलीच्या मुलांना जगाची दारे उघडली. आज मुलगी परदेशी निघाली की पेढे वाटले जातात. मेतकुटाची आणि लोणच्याची पुडकी बांधली जातात. त्याच रात्री तिचे मुख पडद्यावर दिसते. तथापि धुराने भरलेली खोली निराळ्या रूपात आजही असते. घराने काढलेल्या कर्जाचा भार, दिवसभराच्या अभ्यासानंतर रात्रीची नोकरी, आजार लपविण्याची सवय, आणि घरी सारे ठीक आहे असेच सांगण्याची धडपड, हे त्या धुराचेच प्रकार होत.

म्हणून सभासद कुटुंबांस आमची विनंती आहे की, परदेशस्थ मुलांशी बोलताना गुणांची चौकशी मागाहून करावी. प्रथम प्रकृती, अन्न आणि निवारा यांची करावी. ज्यांची घरे तेथे स्थिरावली आहेत त्यांनी आपल्या गावाहून नव्याने आलेल्या विद्यार्थ्यास, तो कोणत्याही ज्ञातीचा असो, सणावारी तरी पानावर बोलवावे. रोझेलच्या त्या बाईंनी जात विचारून दार उघडले नव्हते. आनंदीबाईंच्या पुण्यस्मृतीस वंदन करावयाचे, तर कार्पेंटरबाईंच्या त्या उघड्या दारासही केले पाहिजे. उभयतांस आमचे सादर अभिवादन!