अण्णांनी काय काय सोडले

रविवार हा सुट्टीचा वार, असे भिंतीवरचे कॅलेंडर सांगते. आमच्या खडवलीत त्या दिवशी कल्याण-डोंबिवलीकडची मंडळी भातसा नदीवर डुंबायला येतात, तेव्हा सुट्टी असते ती त्यांची. आम्ही खडवलीकर आठवडाभर सकाळची लोकल पकडून दमलेले, आणि साठलेली सगळी कामे रविवारवर ढकललेली. दळण, विजेचे बिल, मुलीच्या शाळेचा प्रकल्प, आजारी आत्याची विचारपूस, जमलेच तर टिटवाळ्याच्या गणपतीचे दर्शन, आणि संध्याकाळी उल्हासनगरला लग्नाचे रिसेप्शन. परवा अशी यादी लिहायला घेतली, ती अकरा कामांवर गेली. त्यातली खरोखर महत्त्वाची तीन ठेवून बाकीची खोडावीत म्हणून पेन्सिल हातात घेतली, तर एकावरही रेघ मारवेना. सगळीच चांगली कामे! वाईट काम खोडायला काय लागते?

अशा वेळी मला धोंडो केशव कर्वे आठवतात. महर्षी कर्वे म्हणून आपण त्यांना ओळखतो. घरचे आणि जवळचे लोक त्यांना अण्णा म्हणत. एकशे चार वर्षांच्या त्या आयुष्यात त्यांनी काय काय उभे केले, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. पण त्यांचे चरित्र दुसऱ्या बाजूनेही वाचता येते. एक काम हाती धरायचे म्हणून त्यांनी किती चांगली कामे बाजूला ठेवली, आणि त्याची झळ कोणाकोणाला लागली, ही ती दुसरी बाजू.

अण्णांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. घर दापोलीजवळच्या मुरुडला. परिस्थिती बेताची. 1875 साली पब्लिक सर्व्हिसच्या परीक्षेला बसण्यासाठी हा मुलगा ऐन पावसाळ्यात मुरुडहून निघाला आणि कुंभार्ली घाट चढून, शंभरावर मैल पायी चालत साताऱ्याला पोचला. परीक्षेला सतरा वर्षे पुरी लागत. समोर उभा राहिलेला किरकोळ अंगाचा पोरगा तेवढ्या वयाचा दिसेना, म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. आला तसा परत गेला. पुढे कोल्हापूरला जाऊन त्याने ती परीक्षा दिली आणि पास झाला. या स्वभावाला कोणी हट्ट म्हणेल. पण त्या हट्टात आरडाओरडा नव्हता. मुळात माणूस भिडस्त, चारचौघांत बोलायला लाजणारा. वक्तृत्व त्यांच्यापाशी कधीच नव्हते, चालण्याची सवय मात्र होती. ती जन्मभर उपयोगी पडली.

1884 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते गणित घेऊन बी.ए. झाले. मग शाळांतली मास्तरकी आणि पहाटेपासून खाजगी शिकवण्या. मिळकत वाढली तरी खर्च वाढवायचा नाही आणि ठरलेला हिस्सा लोकांच्या कामासाठी वेगळा काढायचा, हा शिरस्ता तेव्हापासूनचा. 1891 साल मात्र त्यांच्या आयुष्यात उलथापालथ घेऊन आले. पत्नी राधाबाई वारल्या; त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांचे बोलावणे आले आणि ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असे त्यांनी ठरवले होते. 11 मार्च 1893 रोजी त्यांनी मित्राच्या विधवा बहिणीशी, गोदूबाईंशी, विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, पण सगळे त्यांना बाया म्हणत. मुरुड गावाने या जोडप्यावर बहिष्कार घातला. आईला आणि भावाला त्रास नको म्हणून अण्णांना आपल्याच गावी परक्यासारखे राहावे लागले.

आता कोणालाही वाटेल की ज्याने एवढी किंमत मोजून पुनर्विवाह केला, तो जन्मभर पुनर्विवाहाचाच प्रचार करील. सुरुवात तशीच झाली. 1893 सालीच त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी काढली आणि तिच्यासाठी सुट्ट्यांत गावोगाव हिंडले. पण दोन-तीन वर्षांत गणिताच्या या प्राध्यापकाने मनाशी हिशेब मांडला. वर्षभर खपून एखाद-दुसरा विवाह घडायचा. घरोघरी कोपऱ्यात बसलेल्या, केस काढलेल्या बालविधवा मात्र हजारोंनी. त्या सगळ्यांची लग्ने होणार नव्हती. त्यांना शिकवले, तर निदान स्वतःच्या पायावर उभ्या राहतील.

14 जून 1896 रोजी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली. जवळचे साठवलेले हजार रुपये अण्णांनी त्यात घातले. आणि इथेच त्यांना ती पेन्सिल चालवावी लागली. आश्रमात मुलगी पाठवली की तिचे लग्न लावून देतील, ही भीती लोकांच्या मनात असेतो एकही बाप आपली विधवा लेक तिथे पाठवणार नव्हता. म्हणून अण्णा पुनर्विवाहाच्या चळवळीतून बाजूला झाले. आश्रमात त्या विषयाचा प्रचार करायचा नाही, असे बंधन त्यांनी स्वतःवर घालून घेतले. सुधारक मंडळींना ही माघार वाटली. सनातनी तर पहिल्यापासून रागावलेलेच होते. दोन्हीकडून बोल खात अण्णा गप्प राहिले. मला विचाराल तर सातारच्या पायपिटीपेक्षा आणि मुरुडच्या बहिष्कारापेक्षा हा निर्णय अवघड होता. शत्रूंशी भांडताना बळ येते; आपल्याच पक्षातल्या माणसांना नाही म्हणताना ते कुठून आणायचे?

पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जागा आणि साडेसातशे रुपये दिले. 1900 साली तिथे एक झोपडी उभी राहिली आणि आश्रम त्या झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचे, संध्याकाळी बाजारहाट करून सामान घ्यायचे, आणि चिखलवाट तुडवत तीन-चार मैलांवरच्या हिंगण्याला जायचे. रात्री मुलींना शिकवायचे. सकाळी पुन्हा कॉलेज. घर पुण्यात, बाया आणि मुले घरी. दोनेक वर्षे हा क्रम चालला. आज त्या भागाला कर्वेनगर म्हणतात आणि तिथे रिक्षाने जाताना सिग्नलला थांबून आपण वैतागतो.

आता बायांकडे वळते, कारण अण्णांच्या एकाग्रतेचे बिल मुख्यतः त्यांच्या नावावर निघाले. पगारातून आश्रमाकडे जाणारा भाग कमी नव्हता. पुढे अण्णांनी आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. उद्या आपले काही बरेवाईट झाले तर घरच्यांनी काय करायचे, हा प्रश्न साहजिकच बायांनी विचारला. वादही झाले. मग त्यांनी सुइणीचे शिक्षण घेतले, बाळंतपणे केली आणि संसाराला हातभार लावला. आणखी एक टोचणारी गोष्ट आहे. बाया स्वतः विधवा होत्या, शिकलेल्या होत्या, कामाला वाघ होत्या. तरीही विधवांच्या या आश्रमात त्यांना काम करता येईना, कारण त्या पुनर्विवाहित! लोक बिथरतील म्हणून त्यांना दूर राहावे लागले. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले मात्र पुनर्विवाह न करता आश्रमात आल्या आणि आश्रमाचा आधारस्तंभ झाल्या. आश्रमासाठी वर्गणी गोळा करत त्या देशभर आणि पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या. एका घरातल्या दोन बहिणी. एकीला आत जागा, दुसरीला नाही.

आश्रमाची आणखी एक मर्यादा सांगायलाच हवी. प्रारंभी तो ब्राह्मण विधवांपुरता होता. त्याबद्दल तेव्हाही टीका झाली आणि ती रास्त होती. एक काम सुरळीत चालावे म्हणून दुसरा अन्याय नजरेआड करणे, हाही या मार्गातला एक धोका असतोच. 1944 साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, अण्णांनी समता संघ काढला. उशीर झाला होता, पण ते काम त्यांच्या मनातून गेलेले नव्हते.

पुढचा आलेख बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगते. 1907 साली महिला विद्यालय, 1908 साली निष्काम कर्ममठ. मध्यंतरी जपानमधल्या महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका त्यांच्याकडे टपालाने आली होती. अण्णांनी ती बाजूला ठेवून दिली. हातातले काम पुरे होते. 1915 साली मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद आले आणि भाषणाची तयारी करताना ती पुन्हा हाताशी आली. या वेळी त्यांनी ती बारकाईने वाचली. 1916 साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. शिक्षण मातृभाषेतून, कॉलेजात पहिल्या वर्षी मुली पाच. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठाला मिळाले. तेच आपले एस.एन.डी.टी. आमच्या लोकलमधल्या कितीतरी मुलींनी तिथून पदव्या घेतल्या आहेत.

सत्तरी ओलांडल्यावर अण्णा या कामासाठी युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिका फिरून आले. 1936 साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि पुण्यात दारोदार वर्गणी मागत फिरले. विषय तोच, शिक्षण. हट्ट तोच, आणि पायसुद्धा तेच.

थोरला मुलगा रघुनाथ याने वडिलांचा हा गुण उचलला, मार्ग मात्र वेगळा निवडला. संततिनियमन हे त्याचे एकच काम. त्यापायी प्राध्यापकी गेली, खटले सोसले, पण 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत त्याने ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. एका घरात असे दोघे असले म्हणजे त्या घराच्या गृहिणीचे काय होत असेल, याची कल्पना करून पाहा.

1958 साली अण्णांना शंभर वर्षे पूर्ण झाली, भारतरत्न मिळाले, देशभर सत्कार झाले. 9 नोव्हेंबर 1962 रोजी ते गेले. बाया त्यांच्याआधी गेल्या होत्या. मात्र जाण्यापूर्वी त्या आपले आत्मचरित्र लिहून गेल्या; ‘माझे पुराण’ हे त्याचे नाव. कौतुकाबरोबर तक्रारीही त्यात मोकळेपणाने आल्या आहेत. अण्णांचे ‘आत्मवृत्त’ वाचले तर बायांचे पुस्तक लगोलग वाचावे, असे मी आग्रहाने सांगेन. जमाखर्चाच्या वहीची दोन्ही पाने तेव्हाच समोर येतात.

माझ्या यादीचे म्हणाल, तर रिसेप्शन आणि टिटवाळा खोडले. विजेच्या बिलाला अजून चार दिवस होते. आत्याकडे गेले, मुलीच्या प्रकल्पाला बसले. दळणावरही रेघ मारली होती. संध्याकाळी पाहते तर सासूबाई डबा घेऊन गिरणीवर निघाल्या होत्या. मी चपला घातल्या आणि त्यांच्या हातातला डबा घेतला.