राजा दीनदयाळ : एक थोर छायाचित्रकार

हाती कॅमेरा आला की छायाचित्रकार होता येते, अशी पुष्कळांची समजूत असते. मोबाईलमुळे तर ती अधिकच दृढ झाली आहे. ही समजूत किती अपुरी आहे, हे लाला दीनदयाळ यांच्या चरित्रावरून कळून येते.

दीनदयाळ यांचा जन्म 1844 साली मेरठजवळील सरधना या गावी झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन 1866 साली ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस लागले. खर्चाचे अंदाज करणे व नकाशे काढणे हे त्यांचे काम होते. छायाचित्रणास त्यांनी आरंभ केला तो 1874 च्या सुमारास, म्हणजे वयाच्या तिशीत आणि तोही नोकरी सांभाळून.

त्या काळी हे काम सोपे नव्हते. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत काच धुवायची. जरा उशीर झाला की सारी मेहनत वाया! म्हणून प्रकाश किती, माणसे किती वेळ निश्चल राहतील, कॅमेरा कोठे ठेवावा, हे सर्व आधीच मनाशी ठरवावे लागे. नकाशे काढणाऱ्याच्या नजरेला लागलेली मोजमापाची शिस्त त्यांच्या वास्तुचित्रांत स्पष्ट दिसते. लेपेल ग्रिफिन यांच्या मध्य भारतातील वास्तूंवरील 1886 च्या ग्रंथात त्यांचीच छायाचित्रे आहेत.

पुढे त्यांनी लांब रजा घेतली आणि अखेर नोकरीही सोडली. पेन्शनची नोकरी सोडून कलेवर पोट भरण्याचे ठरविणे हे तेव्हाही धाडसच होते. पण त्यामागे दहा-अकरा वर्षांची साधना होती, हे विसरून चालणार नाही.

हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना आश्रय दिला. मराठवाडा, बीदर-कलबुर्गीचा कन्नड मुलूख आणि आपले निर्मल तेव्हा याच राज्यात होते. निजामांनी त्यांना 1894 साली ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला त्यांचा व्यवहारही शिकण्यासारखा वाटतो. पडदानशीन स्त्रिया स्टुडिओत येऊ शकत नाहीत, हे ओळखून त्यांनी 1892 साली हैदराबादेत स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढला व तो एका इंग्रज बाईंकडे सोपविला. सिकंदराबादनंतर मुंबईतही शाखा उघडली. काचांवर क्रमांक घालून त्या जपून ठेवल्या. त्यांपैकी 2,857 काचा 1989 साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या.

त्यांची बरीचशी चित्रे राजेरजवाड्यांची व साहेबांची आहेत, हे खरे. आश्रयदात्याची मर्जी त्यांना राखावी लागली. पण निजामाच्या राज्यात दुष्काळ पडला, तेव्हा मदतकार्याची चित्रेही त्यांनी घेतली. तीही दरबारासाठीच, तरी महाल टिपणाऱ्या कॅमेऱ्यापुढे त्यामुळे उपाशी माणूसही उभा राहिला आणि इतिहासात त्याची नोंद झाली.

1905 साली मुंबईत त्यांचे निधन झाले. मित्रहो, आवड प्रत्येकाला असते. तिला सवयीची, सवयीला हिशेबाची आणि हिशेबाला नव्या कल्पनेची जोड मिळाली, तरच त्यातून कला उभी राहते. नोकरी की छंद, या पेचात पडलेल्या आपल्यासारख्यांना दीनदयाळ यांचे जीवन हेच सांगते.