घाटकोपरचा डॉक्टर, ज्याच्या एका हाकेवर गिरण्यांचे भोंगे थांबले

घाटकोपरच्या पंतनगरमध्ये साठच्या दशकात एका तरुण एमबीबीएस डॉक्टरचा दवाखाना होता. आसपासच्या टेकड्यांवर तेव्हा दगडखाणी होत्या. हातपाय चिरडलेले, छातीत धूळ भरलेले मजूर या दवाखान्यात यायचे. औषधाचे पैसे बहुतेकांकडे नसायचे. हे दुखणं गोळ्यांनी बरं होणारं नाही, मजुरी वाढली पाहिजे, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी खाणकामगारांची युनियन बांधली.

हे डॉक्टर म्हणजे दत्ता सामंत. जन्म 1932 चा, गाव मालवणजवळचं देवबाग.

खाणींनंतर पूर्व उपनगरांतले कारखाने आले. 1972 मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर ते आमदार झाले. त्याच काळात विक्रोळीच्या गोदरेजमधला संघर्ष हिंसक झाला आणि त्याचं खापर त्यांच्यावर फुटलं. पुढे आणीबाणीत काँग्रेसच्याच सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं. 1977 मध्ये ते बाहेर आले तेव्हा त्यांचा दबदबा उलट वाढला होता.

त्यांची पद्धत साधी होती. कंपनीचा ताळेबंद बघायचा नाही, कामगाराची गरज बघायची. मोठी पगारवाढ मागायची आणि मिळेपर्यंत हटायचं नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्ससारख्या ठिकाणी हे जमलं. पण ही पद्धत चालली ती नफ्यातल्या कारखान्यांत. गिरण्यांचं गणित वेगळं होतं.

ऑक्टोबर 1981 मध्ये दिवाळी बोनसवरून गिरणी कामगार भडकले. कायद्याने त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क फक्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता, आणि कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता. ते डॉक्टरांकडे आले. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागणी पगारवाढीची होती, तशीच मजदूर संघाची मक्तेदारी मोडण्याचीही.

मालकांना घाई नव्हती. माल गोदामांत पडून होता आणि कापड यंत्रमागांवरही विणून घेता येत होतं. सरकारलाही झुकायचं नव्हतं. इथे सामंत जिंकले तर गोदी आणि इतर उद्योगही त्यांच्या मागे जातील, ही दिल्लीची भीती होती. कामगार कोकणात, घाटावर गावी गेले. गावच्या तांदूळ-ज्वारीवर संप वर्षभराहून जास्त तगला. नंतर लोक हळूहळू कामावर परतले. अनेकांसाठी परतायला जागाच उरली नव्हती. संप अधिकृतपणे मागे मात्र कधीच घेतला गेला नाही.

एवढं होऊनही कामगार त्यांच्यावर उलटले नाहीत, हे विशेष. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर 1984 च्या निवडणुकीत देशभर काँग्रेसची लाट होती. त्या लाटेत गिरणगावाने मुंबई दक्षिण मध्यमधून सामंतांना खासदार केलं. त्यांचा कामगार आघाडी पक्ष मात्र कामगार वस्त्यांबाहेर फारसा रुजला नाही. 1989 मध्ये ती जागा शिवसेनेकडे गेली. नव्वदच्या दशकात गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला, तरी सामंत कामगारांच्या थकीत देण्यांसाठी भांडत राहिले.

16 जानेवारी 1997. सामंत पवईच्या घरातून टाटा सुमोने पंतनगरच्या ऑफिसकडे निघाले होते. घरापासून जवळच मारेकऱ्यांनी गाडी अडवून गोळ्या झाडल्या. संपाला 15 वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते. काही जणांना पुढे शिक्षा झाली. कटाचा आरोप असलेल्या छोटा राजनला विशेष न्यायालयाने 2023 मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सोडलं.