कुत्र्यांच्या प्रयोगातून कर्करोगाच्या उपचारापर्यंत

चार्ल्स ब्रेंटन हगिन्स यांचा जन्म 22 सप्टेंबर 1901 रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स येथे झाला. हार्वर्डमधून 1924 मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन 1927 मध्ये ते शिकागो विद्यापीठाच्या नव्या वैद्यकीय विभागात दाखल झाले. तिथे त्यांच्याकडे मूत्ररोग शस्त्रक्रिया सोपवण्यात आली. या विषयाची त्यांना फारशी माहिती नव्हती, ती त्यांनी पुस्तके वाचून करून घेतली.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी असणारी, वीर्याचा काही भाग तयार करणारी ग्रंथी. तिचा स्राव कसा तयार होतो हे मोजण्यासाठी हगिन्स कुत्र्यांवर प्रयोग करत. माणसाप्रमाणेच म्हाताऱ्या कुत्र्यांमध्येही ही ग्रंथी वाढते, तिच्यात गाठीही होतात. अशी कुत्री मध्येच आली की मोजमाप बिघडायचे आणि हगिन्स वैतागायचे. पण त्यांनी या अडचणीकडेच नीट पाहिले. वृषणे काढली की ग्रंथी आक्रसते, स्राव थांबतो. टेस्टोस्टेरॉन टोचले की तो पुन्हा सुरू होतो. स्त्री-संप्रेरक दिले तरी ग्रंथी लहान होते.

मग माणसाच्या प्रोस्टेटच्या कर्करोगाचे काय? त्या काळी रोग हाडांपर्यंत पोचल्यावर डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरत नसे. सुदैवाने मोजायला एक खूण मिळाली होती. अशा रुग्णांच्या रक्तात अ‍ॅसिड फॉस्फटेज नावाचे विकर वाढते, हे न्यूयॉर्कच्या गुटमन दांपत्याने 1938 मध्ये दाखवले होते. हगिन्स आणि त्यांचे तरुण सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी तीच पट्टी लावली. वृषणे काढल्यावर किंवा स्त्री-संप्रेरक दिल्यावर विकर उतरले, पुरुषी संप्रेरक टोचल्यावर चढले. त्याच वर्षी, म्हणजे 1941 मध्ये, बळावलेल्या कर्करोगाच्या 21 रुग्णांवरील शस्त्रक्रियेचा अनुभवही प्रसिद्ध झाला. वेदनेने अंथरुणाला खिळलेल्यांपैकी अनेकांच्या वेदना थोड्याच दिवसांत ओसरल्या, भूक परतली. रोग मुळापासून गेला नव्हता. पुढे बहुतेकांत तो उलटला. तरी कर्करोगाच्या पेशी संप्रेरकांवर अवलंबून असू शकतात, हे यातून ठळकपणे दिसले.

या यशाला एक शेपूट चिकटले. संप्रेरक काढल्याने रोग हटतो, तर जास्त संप्रेरकाने तो होतोच, असा अर्थ अनेक दशके लावला गेला. टेस्टोस्टेरॉन टोचल्याचे हगिन्स यांचे निष्कर्ष मात्र मोजक्याच रुग्णांवर आधारलेले होते. 2008 मध्ये 18 अभ्यासांतील 3886 कर्करुग्ण आणि 6438 इतर पुरुषांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा रक्तातील टेस्टोस्टेरॉनची पातळी आणि कर्करोगाचा धोका यांत संबंध आढळला नाही. पातळी फार खाली असेल तेव्हाच ग्रंथी तिच्या चढउताराला ठळक प्रतिसाद देते, असे आता मानले जाते. म्हणूनच टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या पुरुषाला ते दिले की ‘पीएसए’ हा आजचा निर्देशांक बहुधा थोडा वाढतो आणि नंतर स्थिरावतो. मात्र आधीच कर्करोग असेल किंवा ‘पीएसए’ वाढलेला असेल, तर तपासणीशिवाय हे औषध घेणे धोक्याचे. उलट, ग्रंथीच्या वाढीवरील फिनास्टेराइडमुळे ‘पीएसए’ जवळपास निम्मा दिसतो. त्यामुळे ही गोळी चालू असल्यास चाचणीपूर्वी डॉक्टरांना ते सांगावेच लागते.

हगिन्स पुढे स्तनाच्या कर्करोगाकडे वळले. 1951 पासून 1969 पर्यंत ते शिकागोच्या बेन मे प्रयोगशाळेचे संचालक होते. 1966 मध्ये पेटन राउस यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. मूळ शोधाला तेव्हा 25 वर्षे झाली होती. राउस यांनी तर 55 वर्षे वाट पाहिली होती. हगिन्स 12 जानेवारी 1997 रोजी शिकागोत वारले. शस्त्रक्रियेच्या जागी तोवर इंजेक्शने आली होती, पण टेस्टोस्टेरॉन खाली आणण्याची रीत त्यांचीच होती.